बोकडाची पेशी

सत्यशीला आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. तरीसुद्धा शहात्तर सालच्या नाताळच्या सुट्टीत अख्खं शहागड तिला वकील समजून बसलं. यात तिची चूक काढायचीच म्हटली तर एवढीच, की आईनं सरळ प्रश्न विचारला आणि तिनं सरळ उत्तर दिलं.

आई, म्हणजे चांगुणाबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. लेक औरंगाबादेहून एसटीनं येऊन भिंतीला टेकली होती, आणि टेकल्या जागी सुकत चालली होती.

“सत्ये, इतके दिस झाले. तू तिथं दिवसभर करून काय राह्यली?”

“बेटं शोधून राह्यले.”

“घावली का?”

“न्हाई अजून. घावली की त्यातल्या पेशी बघायच्या.”

चांगुणाबाईनं भाकरी उलटली. बेट आणि पेशी. दोन्ही शब्द तिला बराबर समजले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. समजले नसते तर तिनं पुढं काहीतरी विचारलं असतं.

सत्यशीलाचा विषय होता मधुमेह. पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा एक लांबट, मऊ अवयव असतो. त्यात पेशींचे बारीक पुंजके इकडंतिकडं विखुरलेले असतात. ते नदीतल्या बेटांसारखे दिसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना बेटंच म्हटलं. त्या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, आणि त्यांनी काम सोडलं की माणसाला साखर होते. या गोष्टीला एवढं विज्ञान पुरे आहे. सत्यशीलाचीही आजवरची सगळी फेलोशिप एवढ्यातच खर्ची पडली होती.

आता शहागडचं. निजामाच्या अमलात पिढ्या काढलेल्या मुलखात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. ‘पेशीला चाललो’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा आपोआप हळहळतो. आणि बेट म्हणाल तर शहागडला एकच माहीत होतं. वर पैठणला गोदावरीचं पाणी अडलं, तसं इथं नदीचं पोट उघडं पडलं आणि मधोमध एक बेट वर आलं. लांबून बघितलं तर म्हैस बसल्यासारखं दिसायचं. जवळून बघितलं तरी साधारण तेवढंच असायचं. त्या बेटावरून मच्छिंद्र आणि त्याची सख्खी चुलती गोजरबाई यांचा तालुक्याच्या कोर्टात दावा चालू होता.

त्यामुळं चांगुणाबाई धुणं आपटता आपटता सहज बोलली, “आमची सत्यशीला औरंगाबादला बेटाच्या पेश्या बघती,” तेव्हा नदीवरची सगळी धुणी हवेतच थांबली.

सत्यशीलाच्या डोक्यात मात्र पिठलं होतं.

पिठलं हा शब्द तिच्या मार्गदर्शकांचा. डॉ. मिरीकर फार कमी बोलत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी तिची स्लाइड पाहिली आणि म्हणाले, “ही बेटं नाहीत. हे पिठलं आहे.” त्यात त्यांचं चुकत नव्हतं. स्वादुपिंडाची एक वाईट खोड असते. सगळे पाचक रस त्याच्याच पोटात, त्यामुळं जनावर मेलं की ते थोड्याच वेळात स्वतःला पचवायला घेतं. ते ऊन ऊन काढून फॉर्मालिनमध्ये बुडवावं लागतं. औरंगाबादच्या खाटिकांकडून तिच्या हाती पडेपर्यंत त्यानं स्वतःचं जेवण उरकलेलं असायचं.

“सुट्टीवरून येताना बेटं घेऊन ये,” मिरीकर सर म्हणाले होते. “नाहीतर फेलोशिप दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

फेलोशिप गेली तर पुढं काय, याचीही सोय झालेली होती. तिचे वडील तातेराव मास्तर प्राथमिक शाळेत होते आणि ओळखी ठेवून होते. तीर्थपुरीला मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा रिकामी झाली होती. सत्यशीलाला यंत्रावर स्वादुपिंडाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढता येत, पण ब्लाउजचा गळा काढता येत नसे. एकदा तिनं वडिलांच्या सदऱ्याला बटण लावून दिलं होतं. तेव्हापासून त्या सदऱ्यात वरून डोकं घालता येत असे, काढता मात्र येत नसे.

म्हणून या खेपेला ती फॉर्मालिनची बरणी पिशवीत घालूनच आली होती. सोबत बेनेडिक्टचं निळं द्रावण, परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा होता. तो सरंजाम तातेराव मास्तरांसाठी. मास्तरांना साखर होती, आणि त्यांना ती मान्य नव्हती. सत्यशीला दर सुट्टीत त्यांची लघवी निळ्या द्रावणात घालून उकळायची. द्रावण निळंच राहिलं तर ठीक, आणि साखर असली तर हिरवं, पिवळं होत शेवटी विटेसारखं लाल. मास्तरांचं दर वेळी लाल व्हायचं. मास्तर म्हणायचे, “चुलीवर ठेवल्यावर काय बी लाल होतं.”

बाजाराच्या दिवशी ती सकाळी सकाळी कारभारी खाटिकाकडं गेली.

“मला स्वादुपिंड पाहिजे,” ती म्हणाली.

कारभारीनं सुरा खाली ठेवला. चेहरा पडला. “कोण गेलं, बाई?”

“कुणी न्हाई गेलं.”

“मंग पिंड कशाला? अन् पिंड इथं न्हाई मिळत. घाटावर जावा. कावळ्याच्या आधी पोचलात तर घावंल. सवादाचं काय मला सांगता येत न्हाई.”

सत्यशीलानं काडीनं जमिनीवर चित्र काढलं. हे जठर, हे आतडं आणि हे मधलं. कारभारीनं मान वाकडी करून पाहिलं आणि एकदम खुलला.

“हे व्हय! हे तर मी आत्ताच कुत्र्याला टाकलं!”

दोघांनी कुत्र्याकडं पाहिलं. कुत्र्यानं ओठ चाटले. स्वादुपिंड हे नाव योग्य आहे असं मनापासून वाटणारा शहागडात तेवढाच एक जीव होता.

पुढचा बाजार सुट्टी संपल्यावर होता. सत्यशीला घरी आली आणि आईचा सुईदोऱ्याचा डबा उघडून नुसती बघत बसली.

दिवस कलताना मच्छिंद्र आला. हा माणूस आजवर त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून “मास्तर हाये का घरात?” अशी हाळी द्यायचा आणि तिथूनच परतायचा. आज तो गल्लीत शिरला, अंगणात आला, खाटेवर बसला. चांगुणाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मच्छिंद्रनं तांब्याकडं पाहिलं, गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं आणि घटाघटा प्यायला. खटल्यानं माणसाला तहान फार लागते.

“बाईसाहेब,” तो म्हणाला.

सत्यशीलानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“तुम्ही म्हणं बेटाच्या पेश्या बघता.”

“हो, पण काका, त्या पेशी वेगळ्या.”

“वरच्या कोर्टाच्या. समजलं मला.”

“अहो, शरीरातल्या!”

“शरीरातच जात्यात त्या. माझं बघा की, बी.पी. झाला.” मच्छिंद्र जवळ सरकला. “आजपत्तुर किती पेश्या बघितल्या?”

ती खोटं बोलत नसे. “मोजल्या न्हाईत. एका बेटात हजाराच्या वर असतात.”

“एका बेटात!” मच्छिंद्रनं टोपी काढली. “अन् असे बेटं किती?”

“लाखांनी.”

मच्छिंद्रनं टोपी गुडघ्यावर ठेवली. आपण एकाच बेटापायी रडत होतो, याची त्याला लाज वाटली असावी. मग हळूच म्हणाला, “अन् हातात काय आलं?”

“काही न्हाई, काका,” सत्यशीला म्हणाली. “दर वेळी नुसतं पिठलं.”

“आमचं बी तेच हाये, बाईसाहेब! बिलकुल तेच!” मच्छिंद्रला गहिवरून आलं. “अन् तुम्ही खास कोणती पेशी बघता?”

“बीटा पेशी.”

“बघा! आमचा दावा बेट्याच्याच नावानं हाये! दत्तूच्या नावानं!”

खाटेच्या दुसऱ्या टोकाला तातेराव मास्तर वर्तमानपत्र उघडून बसले होते. वर्तमानपत्र मघापासून हलत होतं.

“काका, ऐका माझं,” सत्यशीलानं शेवटचा प्रयत्न केला. “मी वकील न्हाई.”

“मोठे वकील असंच म्हणत्यात,” मच्छिंद्र म्हणाला. “आमचा वकील रोज म्हणतो मी वकील हाये, मी वकील हाये. तीनदा बेट बघायला आला अन् तिन्ही वेळा चपला भिजल्या म्हणून काठावरून माघारी गेला. तुम्ही फकस्त एकदा या बेटावर. काकूला बी बोलवतो. काय ते एकदाचं होऊन जाऊ द्या. निकाल लागला की बोकड कापायचा नवस हाये. माझा बी अन् काकूचा बी. बोकड एकच हाये, बेटावरला.”

सत्यशीला ताठ बसली.

“कधी कापणार?”

“निकाल लागला की तिथल्या तिथं.”

“तिथल्या तिथं? म्हणजे ऊन ऊन?”

“मंग गार करून कोण कापतं, बाईसाहेब?”

फॉर्मालिनची बरणी कोपऱ्यात चमकत होती. सत्यशीलानं बरणीकडं पाहिलं, सुईदोऱ्याच्या डब्याकडं पाहिलं.

“मी निवाडा देणार न्हाई,” ती म्हणाली. “मला बेटाबद्दल जेवढं ठाऊक हाये तेवढंच बोलीन. अन् बोकड कापला की त्यातला एक बारका तुकडा माझा.”

“अख्खी मांडी घ्या!”

“मांडी नको. मी दाखवते तो.”

मच्छिंद्र गेला. वर्तमानपत्रामागून मास्तर म्हणाले, “सत्ये, खोटं बोलू नको.”

“न्हाई बोलणार, बाबा.”

“अन् तुकडा कोणता तेवढं लोकांपुढं बोलू नको. लोक पिंड म्हटलं की अंघोळीला पळत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव गुडघाभर पाण्यातून चालत निघालं. बेटावर सगळे मावत नव्हते, म्हणून उरलेले पाण्यातच उभे राहिले. काठावर दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी चढलं होतं. कारभारी खाटीक सुऱ्याला धार लावत बसला होता आणि अधूनमधून सत्यशीलाकडं हळहळून बघत होता. तिच्या घरचं कोण गेलं हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बेटावर दोन उंचवटे होते. त्यातला एक बोकड होता.

त्याची हकिगत अशी. दावा लागला तेव्हा कब्जा दाखवायला मच्छिंद्रनं बेटावर बोकड बांधला. गोजरबाईला कुणीतरी सांगितलं की जनावर कुणाचं, तर त्याला जो खाऊ घालतो त्याचं. तेव्हापासून ती रोज सकाळी पुरणपोळी घेऊन पाण्यात उतरू लागली. हे कळल्यावर मच्छिंद्रनं संध्याकाळी गुळाचा शिरा सुरू केला. मग गोजरबाईनं दुपारचे लाडू. कडब्याचं चिपाडही त्या बोकडानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनं तो अतिशय भक्कम झाला होता.

“आली का वकिलीण?” गोजरबाईनं पदर खोचत विचारलं. बाई आवाजानं खणखणीत होती. “हे बघ पोरी, मी सांगून ठेवते. मच्छ्यानं तुला फोडलं असंल तर या बोकडाच्या साक्षीनं सांग.”

“काकू, तोंड सांभाळून,” मच्छिंद्र म्हणाला.

“सांभाळूनच बोलून राह्यले. सोडलं असतं तर तू काठावर गेला असता.”

“मावशी, मला कुणी फोडलं न्हाई,” सत्यशीला म्हणाली आणि घसा साफ केला. समोर गाव, मागं गोदावरी, शेजारी बोकड. विद्यापीठातल्या चर्चासत्रात तिच्या भाषणाला याच्या पाव लोकही कधी आले नव्हते.

“बेट हे एकटं नसतं,” तिनं सुरुवात केली. “त्याच्या चहूबाजूनं दुसरे असतात, अन् ते सगळे मिळून एकच पिंड असतो.”

“एका पिंडाचे!” पाण्यातून कुणीतरी म्हणालं. “चुलती-पुतण्या, एकाच पिंडाचे!”

“बेटाच्या बाजूचे जे असतात, ते आपला माल नळीतून बाहेर पाठवतात. बेटाला मात्र नळी नसते.”

“खरं हाये,” गोजरबाई म्हणाली. “मी मागल्या वर्षीच म्हटलं होतं, तिथं पाइपलाइन न्हाई.”

“मंग बेटात जे तयार होतं ते जातं कुठं?” सत्यशीलानं वर्गात विचारतात तसं विचारलं. “ते थेट रक्तात जातं. रक्तातून सगळीकडं बराबर वाटलं जातं. बेट स्वतःपाशी काहीच ठेवत न्हाई. ज्या दिवशी हे वाटप बंद पडतं, त्या दिवशी अख्खं शरीर आजारी पडतं.”

मच्छिंद्रचे ओठ हलत होते. ‘रक्तात वाटायचं,’ तो पुटपुटत होता. मग त्यानं टोपी काढली आणि गोजरबाईकडं वळला.

“काकू, बाईसाहेब बराबर सांगून राह्यल्या. रक्ताच्या नात्यात वाटायचं. अर्धं तुझं.”

“उगवतीकडलं,” गोजरबाई लगेच म्हणाली.

“उगवतीकडलं घे.”

गोजरबाईच्या डोळ्यांना पदर लागला. “मच्छ्या, तू लहानपणी माझ्याच ताटात जेवायचा रे.” दोघं गळ्यात पडले. पाण्यात उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं. तालुक्याला जे दोन वर्षं जमलं नव्हतं ते स्वादुपिंडानं एका सकाळीत केलं होतं.

“कारभारी! आण रे सुरा!”

सत्यशीलानं बरणीचं झाकण सैल केलं. कारभारी पाण्यातून आला, बोकडाच्या गळ्यातली दोरी धरली आणि ओढली. बोकड आला नाही. त्यानं नदीत तोंड घातलं होतं. तो पाणी पीत होता. कारभारी थांबला. बोकड पीतच होता. पौषातली थंडी, माणसांचे दात वाजत होते, आणि हा बोकड आषाढापासून पाणी बघितलं नसल्यासारखा पीत होता.

“हा असाच पितो,” मच्छिंद्र कौतुकानं म्हणाला. “दिवसभर. धरणाचं पाणी कमी पडंल याला.”

मग बोकडानं तोंड वर काढलं, दोन पावलं मागं सरला आणि लघवी सुरू केली. बराच वेळ झाला तरी थांबेना. सत्यशीलानं सहज खाली पाहिलं. वाळूत त्याची नेहमीची ओली जागा होती, आणि तिथं मुंग्या होत्या. काळ्या मुंग्यांचा गच्च थर. नदीच्या मधोमध असलेल्या बेटावर त्या कुठून आल्या असतील ते एक त्यांनाच ठाऊक. पण तातेराव मास्तरांच्या मोरीत अशाच यायच्या.

बरणीचं झाकण तिच्या हातून वाळूत पडलं.

“थांबा!” ती ओरडली. “त्याची धार थांबवू नका!”

बोकडाचा तसा विचारही नव्हता. सत्यशीलानं पिशवीतून परीक्षानळी काढली आणि गुडघ्यांवर बसून तिच्यात थोडी धार झेलली. गावाची मान एकदम दुसरीकडं वळली. वकिली इतकी अवघड असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिनं दिवा पेटवला, निळ्या द्रावणात थेंब सोडले आणि नळी ज्योतीवर धरली. निळं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. आणि मग विटेसारखं लालभडक.

पाण्यात उभे असलेले तातेराव मास्तर पुढं आले. चष्मा सावरून त्यांनी नळी पाहिली.

“माझ्याहून लाल हाये,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी समाधान होतं.

सत्यशीलाला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे या बोकडाला साखर होती. तेव्हा त्याच्या पिंडातली बेटं बहुतेक बुडालेली असणार. तो कापला तर स्लाइडवर पुन्हा पिठलंच दिसणार, आणि ती तीर्थपुरीला जाऊन मुलींना तुरपाई शिकवणार. दुसरी म्हणजे तो जिवंत राहिला, तर साखर झालेला बोकड ही चीज मिरीकर सरांनीसुद्धा कधी पाहिली नसेल.

“बाई, सरका,” कारभारी म्हणाला. “पाणी उकळलंय तिकडं.”

“न्हाई कापायचा!”

“असं कसं? नवस हाये!” मच्छिंद्र म्हणाला. मागचे लोकही कुरकुरू लागले. कालपासून कुणी घरी नीट जेवलं नव्हतं, पोटात जागा ठेवली होती. एक जण म्हणाला, वकिलीण बोकडाला फितूर झाली.

सत्यशीला बोकडाच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली आणि जे खरं होतं ते जोरात ओरडली.

“या बोकडाच्या पेशी बाकी हायेत!”

कारभारीचा हात जागच्या जागी थांबला.

“बोकडाची पेशी?” मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला. “कुठं?”

“औरंगाबादला. सरांपुढं.”

“वरच्या कोर्टात!” मच्छिंद्र मागं सरकला. “कारभारी, ठेव तो सुरा. जनावर मुद्देमाल हाये. पेशी लागलेला मुद्देमाल कापला तर सगळं गाव आत जाईल, पातेल्यासकट.”

“मी नुसती धार लावली,” कारभारी म्हणाला. “अजून हात न्हाई लावला. सगळ्यांनी बघितलंय.”

काठावर पाणी उकळत होतं. ते वाया घालवणं कुणालाच पटेना. शेवटी कुणीतरी घरून बेसन आणलं, कुणी मिरच्या आणल्या, आणि त्या दिवशी शहागडनं नवसाच्या पातेल्यातलं पिठलं खाल्लं. सत्यशीलानं त्या पिठल्याकडं टक लावून पाहिलं. पहिल्यांदाच तिला ते चांगलं वाटलं. तिनं दोनदा घेतलं.

औरंगाबादला निघालेला एक ट्रक हायवेवर मिळाला. ड्रायव्हरनं विचारलं, बोकड कुठं चालला? गोजरबाई म्हणाली, पेशीला. ड्रायव्हर हळहळला आणि त्यानं बोकडाला मागं कापसाच्या गाठींवर मऊ जागा दिली. वादी आणि प्रतिवादी दोघंही सोबत निघाले होते. मच्छिंद्रनं कोर्टाचा कोट घातला होता आणि गोजरबाईनं इरकल नेसली होती. तडजोड झाली असली तरी तारखेला हजर राहावं लागतं, एवढं दोघांनाही अनुभवानं ठाऊक होतं.

डॉ. मिरीकर प्रयोगशाळेत एकटेच होते. दार उघडलं, तेव्हा आधी बोकड आत आला.

“बेटं आणलीस?” त्यांनी विचारलं. बोकडाबद्दल विचारावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नसावं.

“बेटावरचा बोकड आणलाय, सर.”

मच्छिंद्रनं पुढं होऊन हात जोडले. “साहेब, मी वादी. ही प्रतिवादी, माझी चुलती. अन् हा मुद्देमाल. तडजोड झालेली हाये, पण तुम्ही म्हणसाल तसं.”

मिरीकरांनी सत्यशीलाकडं पाहिलं. सत्यशीला दिवा पेटवत होती. बोकडानं इथंही ताटकळत ठेवलं नाही. निळं, हिरवं, पिवळं, लाल. मिरीकरांनी नळी उजेडात धरली. मग दुसरी नळी घेऊन स्वतः केलं. मग तिसरी. बोकड देतच होता. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं पुसू लागले.

“शेळीच्या जातीत,” ते म्हणाले, “मी हे कधी पाहिलेलं नाही.” त्यांच्या मानानं ते मोठं भाषण होतं. “याला कापायचं नाही. हाच तुझा विषय. गोड बंद, नुसता कडबा. महिन्यानं पुन्हा तपासू.”

“अन् सर, माझी फेलोशिप?”

“तीही महिन्यानं बघू.”

मच्छिंद्र गोजरबाईच्या कानाशी वाकला. “तारीख पडली.”

“मी घरून निघतानाच म्हटलं होतं,” गोजरबाई म्हणाली. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं. कोर्ट खरं होतं.

बोकड विभागाच्या मागच्या पडवीत राहू लागला. कडब्यावर त्याची तब्येत उतरली आणि साखरही उतरली. सत्यशीला रोज नळी उकळायची. लालाचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवट. मिरीकर सर आता स्वतःहून पडवीत येऊ लागले. दर महिन्याच्या तारखेला मच्छिंद्र आणि गोजरबाई एकाच एसटीनं, एकाच पिशवीत भाकरी बांधून हजर व्हायचे, आणि नेमकी त्या एकाच दिवशी नळी लालभडक व्हायची. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उतार.

तीन तारखा असंच झालं. डॉ. मिरीकरांनी विचार केला, ग्रंथालयात जाऊन आले आणि एक निबंध लिहायला घेतला. जनावराला परीक्षेच्या दिवसाची आगाऊ चाहूल लागते आणि चिंतेनं साखर चढते, असा त्याचा रोख होता. फेलोशिपचा अर्जही त्याच निबंधाच्या जोरावर वर जाणार होता.

चौथ्या तारखेला सत्यशीला पडवीत गेली, तेव्हा बोकडाच्या दाढीला पुरण लागलेलं होतं.

“मावशी!”

गोजरबाईनं पदर घट्ट धरला. “अगं, पेशीला आलेला जीव उपाशी ठेवायचा व्हय? अर्धीच देते. अन् मलाच काय विचारती? मच्छ्याच्या कोटाचा खिसा बघ, शिऱ्यानं ओला हाये.”

मच्छिंद्र दुसरीकडं बघू लागला.

“तडजोड झाली होती ना तुमची?”

“बेटाची झाली,” मच्छिंद्र म्हणाला. “बोकडाची कुठं झाली?”

सत्यशीला आत गेली. सर निबंधाचं शेवटचं पान लिहीत होते. गप्प बसली असती तर अर्ज वर गेला असता, फेलोशिप पक्की झाली असती, तीर्थपुरीची शिलाईयंत्रं सुखात राहिली असती. पण ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि गप्प बसायची सवय तर त्याहून कमी होती. तिनं सगळं सांगितलं. पदर, खिसा, दाढी.

मिरीकरांनी पेन खाली ठेवलं. निबंधाची पानं जुळवली आणि शांतपणे टोपलीत टाकली. सत्यशीलाला डोळ्यांपुढं सुईचं नाक दिसू लागलं.

“पोळी किती?” त्यांनी विचारलं.

“अर्धी, सर.”

“अर्ध्या पोळीनं एवढी चढते? आणि उशिरा का होईना, आपोआप उतरते?” ते उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणजे याची बेटं बुडालेली नाहीत. आहेत. फक्त ताण आला की मागं पडतात. ठरलेलं गोड देऊन हे मोजता येईल, दर तासाला. यात तुझी चार वर्षं सहज जातील.” त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. “त्या बाईंना म्हणावं, पुढच्या तारखेला अख्खी पोळी. वजन करून.”

सत्यशीला बाहेर आली तेव्हा वादी-प्रतिवादी बाकावर शेजारी शेजारी, मान खाली घालून बसले होते. बोकड त्यांच्यामध्ये उभा होता.

“काय म्हणले साहेब?” मच्छिंद्रनं विचारलं. “पुरावा मागितला का?”

“न्हाई, काका,” सत्यशीला म्हणाली. “पुरण.”